मांडवाची तिसरी भिंत

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. मला ज्यांनी सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एवढंच कळतं की तेव्हा राजे होते, बंदरात शिडांची गलबतं लागत होती आणि जनावरं बोलत असत. त्यांचं ऐकून घ्यायला मात्र तेव्हाही कुणाला सवड नव्हती.

अशा त्या काळी एका राजाच्या शहरात, बंदराच्या अंगाला, तेल्यांची एक आळी होती. तिथली माणसं यहुदी होती. कधी काळी त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं, जी वाचली ती इथंच राहिली आणि इथलीच झाली. ती घाणे चालवायची, इथलीच भाषा बोलायची, त्यांच्या बायका इथल्यासारखंच लुगडं नेसायच्या. शनिवारी मात्र आळीत एकही घाणा फिरत नसे.

त्यांच्या सणांत एक सण मांडवांचा. धर्माच्या भाषेत ते त्याला सुक्कोथ म्हणत. त्यांचे वाडवडील गुलामीतून सुटले तेव्हा वर्षानुवर्षं रानात झोपड्या घालून राहिले होते. त्याची आठवण म्हणून पिकं घरात आली की सात दिवस पक्क्या घरातून बाहेर यायचं, मांडव घालायचा आणि तिथंच जेवायचं. वर नारळाच्या झावळ्या, त्याही अशा विरळ की रात्री आतून चांदण्या दिसाव्यात. आणि भिंती निदान तीन. तीन भिंती नसतील तर तो मांडव नव्हे, आणि त्यात जेवलेलं जेवण सणाचं नव्हे.

या सणाची एक आज्ञा मोठी गमतीची आहे: सात दिवस आनंदात राहा. हुकूम सोडून माणसाला आनंदात ठेवणं किती अवघड असतं, ते पुढं कळेलच.

या आळीच्या टोकाला मिल्काबाई नावाची एक विधवा राहत असे. एक घाणा, एक बैल आणि भरपूर तोंड, एवढीच तिची इस्टेट. पण सणात तिचा मांडव आळीत सगळ्यात मोठा असायचा. बंदरावरचे हमाल, परगावचे खलाशी, ज्यांना आपला मांडव नाही अशा कुणीही तिच्या मांडवात येऊन जेवायचं, ही तिच्या नवऱ्यानं घालून दिलेली रीत होती. नवरा गेला तरी ती तिनं मोडली नाही.

तिच्या घाण्यामागं एक माहूत राहायचा. त्याचा एक म्हातारा हत्ती होता. तो बंदरावर लाकडं ओढायचा. आळीतल्या पोरांनी त्याचं नाव भोपळ्या ठेवलं होतं, आणि पोरांनी ठेवलेलं नाव राजाला सुद्धा बदलता येत नाही. मिल्काबाई रोज त्याला घाण्याची पेंड घालायची. तो खायचा, आणि पेंडीत खडा निघाला तर सांगायचा.

आणि मिल्काबाईच्या अगदी समोर राहायचे दानियेलगुरुजी. आळीला पोथी वाचून दाखवायची, काय चालतं काय चालत नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. गुरुजी वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. गुरुजी खूप शिकलेले होते, प्रामाणिक होते, आणि त्यांचं म्हणणं आजवर कधी खोटं ठरलं नव्हतं. हीच त्यांची पंचाईत होती.

त्या वर्षी सणाच्या तोंडावर वादळ झालं. पैलतीरावरून बांबू आणि चटया घेऊन येणारी होडी आलीच नाही. आळीत जो तो आपल्या मोडक्या मांडवाला ठिगळं लावत होता. मिल्काबाईच्या मांडवाला एका बाजूला घराची भिंत होती, दुसऱ्या बाजूला घाण्याच्या खोपीची. तिसरी बाजू, रस्त्याकडची, सताड उघडी. तिनं तिथं एक जुनं शीड टांगलं आणि हात झटकले.

सूर्य समुद्राकडं झुकला होता. तो बुडाला की सण लागणार, आणि सण लागला की खिळा ठोकायचा नाही की दोरी बांधायची नाही. तेवढ्यात गुरुजी बघायला आले. वारा सुटला आणि शीड फडफडलं.

"हे चालायचं नाही," गुरुजी म्हणाले. "वाऱ्यानं हलते ती भिंत नव्हे."

"मग काय टांगू?"

"टांगू नका. काहीतरी उभं करा."

"गुरुजी, उभं करायला फळी कुठाय? बंदरावर भाकरीची वाट बघत माणसं बसलीत. त्यांना काय सांगू?"

गुरुजींचं म्हणणं बरोबर होतं. पोथीत तसंच होतं. पण बरोबर असणं एवढ्यानं कुणाची भूक भागत नाही, त्यामुळं आळीतले चार लोक जमले आणि कुजबुजू लागले. तेव्हा मागून माहूत भीत भीत म्हणाला, "आमचा भोपळ्या उभा केला तर?"

लोक हसले. भोपळ्या म्हणाला, "मी वाऱ्यानं हलत नाही." लोक आणखी हसले.

गुरुजी हसले नाहीत. "आत्ता उभा आहे, घटकाभरानं चालू लागेल. चालते ती भिंत नव्हे."

आता वाद पेटला, आणि वाद पेटला की या आळीत सगळे हसाजीआजांकडं बघत. हसाजीआजा आळीतले सगळ्यात वृद्ध. डोळ्यांनी अधू झाले होते, पण डोकं शाबूत होतं. ते म्हणाले, "आपल्या जाणत्यांनी यावरही वाद घालून ठेवलाय. त्यांनी घातला नाही असा वाद मला अजून सापडायचाय. त्यांचा निवाडा असा की जनावर बांधलेलं असेल आणि माणसं आत असेपर्यंत जागचं हललं नाही, तर ती भिंत. हललं, तर नव्हे."

भोपळ्याला आणून उघड्या बाजूला आडवा उभा केला आणि कोपऱ्यातल्या खांबाला बांधला. दोर काथ्याचा, जुना होता. हत्तीनं नुसती मान वळवली असती तरी तुटला असता. पण निवाड्यात दोर असावा एवढंच होतं. चांगला असावा असं कुणी म्हटलं नव्हतं.

सूर्य बुडाला, दिवे लागले, सण लागला. त्या संध्याकाळी भोपळ्या इमानेइतबारे उभा राहिला. पोरं त्याच्या पोटाला टेकून गाणी म्हणत होती.

गुरुजी आपल्या मांडवात बसले होते, पण त्यांच्या कानात लोकांचं हसणं होतं. आजवर आळी त्यांच्या म्हणण्यावर हसली नव्हती. पोथी वाचणाऱ्या माणसाला हत्तीनं उत्तर द्यावं आणि लोकांनी हत्तीची बाजू घ्यावी, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

दुसरा दिवस उजाडला. सणाचा हा पहिलाच मोठा दिवस, शहराचं काम चालू पण आळीचं बंद. हातात माडाची कोवळी झावळी आणि महाळुंगाचं फळ घेऊन लोक प्रार्थनेला जाऊन आले. दुपारी मिल्काबाईच्या मांडवात पहिली पंगत बसली. नारळाच्या दुधातला भात, मासळीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. माणसं इतकी होती की एक पंगत उठायची आणि दुसरी बसायची. भोपळ्या तसाच आपल्या जागी बांधलेला, रस्त्याकडं कूस करून.

गुरुजींनी आपल्या मांडवाच्या समोरच्या भिंतीची एक चटई काढून ठेवली. बायकोला म्हणाले, "वारा येऊ दे जरा." मग ताटावर बसले, आणि त्या फटीतून हत्तीकडं बघू लागले.

एक पाऊल. त्यांना एवढंच हवं होतं. म्हाताऱ्या हत्तीनं कंटाळून एक पाऊल टाकलं की ते उठणार होते आणि आळीच्या मधोमध जाऊन म्हणणार होते, बघा. त्यांचं ताट निवत गेलं. बायको दोनदा बोलली ते त्यांना ऐकू आलं नाही. समोरून मिल्काबाईचं लक्ष गेलं तर ती वाढता वाढता त्यांना हात जोडायची. तेही मान हलवायचे आणि पुन्हा हत्तीकडं बघायचे.

दुपार कलली तेव्हा कुंभारवाड्याच्या बाजूनं एकाएकी आरडाओरड ऐकू आली. पाठोपाठ एका हत्तीनं चीत्कार केला, दुरून, पण चांगला कानठळ्या बसवणारा. गुरुजी अर्धवट उठले. आता हा बिथरणार, त्यांना वाटलं, आता नक्की.

भोपळ्यानं कान हलवले. तेवढेच. मग तो तसाच उभा राहिला, आणि गुरुजी पुन्हा खाली बसले.

थोड्या वेळानं भालाइतांची एक तुकडी घेऊन कोतवाल आळीत शिरला. मागं कुंभारवाड्यातली माणसं, कुणाच्या डोक्याला चिंधी बांधलेली, कुणाच्या हातात फुटक्या मडक्याचा तुकडा. एक हत्ती दुपारी कुंभारवाड्यात घुसला होता. त्यानं भट्ट्या तुडवल्या, रचलेल्या मडक्यांचा चुरा केला आणि पहाऱ्यावरच्या शिपायाची मांडी मोडून पळाला. धुळीत आणि धुरात कुणाला तो नीट दिसला नव्हता.

"राजाच्या हत्तीखान्यातले सगळे हत्ती साखळीला आहेत," कोतवाल म्हणाला. "तिथला दरोगा शपथेवर सांगतो. शहरात त्यांच्याशिवाय हत्ती एकच. हा."

"हा इथून हलला नाही सरकार," माहूत म्हणाला. "दुपारपासनं इथंच आहे."

"मी भिंत आहे," भोपळ्या म्हणाला.

"आरोपीनं गप्प बसावं," कोतवाल म्हणाला.

त्या राज्यात एक जुना कायदा होता. माणसाला जखमी केलेल्या जनावराला त्या दिवसाचा सूर्यास्त दाखवायचा नाही. भालाइतांनी वर बघितलं. सूर्य माडांच्या शेंड्यांशी आला होता.

मिल्काबाई हातातला भाताचा डाव तसाच घेऊन पुढं झाली. "अहो कोतवालसाहेब, हा माझ्या मांडवाची भिंत आहे. दुपारभर माणसं याला टेकून जेवलीत. विचारा यांना."

हमाल पुढं आले, खलाशी पुढं आले, सगळे एकदम बोलू लागले. कोतवालानं हात वर केला. तो क्रूर नव्हता. त्याला फक्त सूर्यास्ताआधी काम उरकायचं होतं. "बाई, यांनी तुमचं अन्न खाल्लंय. खाल्ल्या मिठाला जागणार नाहीत तर काय करतील? माहूत हत्तीचा, हत्ती तुमचा, पाहुणे तुमचे. मला असा माणूस दाखवा ज्यानं इथं एक घासही खाल्लेला नाही आणि ज्यानं हा हत्ती दुपारभर पाहिलाय."

आळीतली बाकीची माणसं एकमेकांकडं बघू लागली. जो तो आपापल्या मांडवात, तीन भिंतींच्या आत जेवत होता. समोरचं ताट सोडून कुणी काही पाहिलं नव्हतं.

मिल्काबाईचा चेहरा एकदम उजळला. "आहे की. समोर आमचे गुरुजी बसलेत. त्यांनी माझ्याकडं पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. माझा मांडव पडू नये म्हणून बिचारे दुपारभर इकडं लक्ष ठेवून आहेत. जेवले सुद्धा नाहीत. त्यांना विचारा."

सगळ्या आळीच्या माना वळल्या. चटईच्या फटीत गुरुजी बसले होते, पुढ्यात न शिवलेलं ताट.

कोतवाल त्यांच्या मांडवाशी गेला. "गुरुजी, पाहिलंत तुम्ही?"

मुलांनो, इथं एका शब्दाचं काम होतं. आणि तो शब्द गुरुजींच्या ओठांपर्यंत आलाही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. हत्ती हलला नाही असं म्हटलं, की ती भिंत ठरली. मांडव खरा ठरला. काल आळी हसली ते बरोबर हसली असं ठरलं. आणि हे सगळं त्यांच्याच तोंडून.

गुरुजी उठून उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "सणाचे पहिले दोन दिवस आमचे मोठे दिवस. त्या दिवशी आम्ही शपथ घेत नाही, साक्ष देत नाही. ते उतरले की येतो चावडीवर."

"कधी उतरतात?"

"उद्या. चांदण्या दिसल्या की."

हे खोटं नव्हतं. पोथीत तसंच होतं. खोटं न बोलता माणूस किती लांब पळू शकतो, ते त्या वेळी आळीला कळलं.

कोतवालानं खांदे उडवले. "उद्या हत्ती नसेल. सोडा रे दोर."

माहुतानं भोपळ्याच्या सोंडेला मिठी मारली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. "दोर कुजका आहे लेका. एक हिसका दे आणि खाडीकडं धाव. तुझ्या मागं कुणी येऊ शकायचं नाही."

"पळालो," भोपळ्या हळूच म्हणाला, "तर दुपारीही पळालो होतो असंच ठरेल. आणि आतल्या पंगतीचं जेवण अजून व्हायचंय. भिंत व्हायला मी मिल्काबाईला हो म्हटलंय."

मांडवात शेवटची पंगत खरंच बसलेली होती. एक म्हातारा खलाशी हातातला घास तसाच धरून बसला होता. खावा की ठेवावा त्याला कळत नव्हतं. भालाइत दोराच्या गाठीशी वाकला. ओल्या काथ्याची गाठ आवळून बसली होती, ती सुटेना. मिल्काबाई गुरुजींकडं बघत राहिली. तिच्या नजरेत अजून राग नव्हता. गुरुजींचा काहीतरी नाइलाज असेल असंच ती समजत होती, आणि गुरुजींना नेमकं तेच सहन होईना.

तेवढ्यात काठी टेकत हसाजीआजा रस्त्यावर आले. "दानियेल," ते म्हणाले, "शपथ घेऊ नकोस. शपथेवाचून सांग. मला आता दिसत नाही, म्हणून मी तुला विचारतोय. हत्ती हलला का?"

भालाइतानं गाठ सोडायचा नाद सोडला आणि सुरी काढली.

गुरुजींनी सूर्याकडं पाहिलं. मग ते आपल्या मांडवातून बाहेर पडले, अनवाणी, आणि रस्ता ओलांडून हत्ती आणि भालाइत यांच्यामध्ये येऊन उभे राहिले.

"हलला नाही," ते म्हणाले. "पहिली पंगत बसल्यापासून आत्तापर्यंत एक पाऊलही नाही. कुंभारवाड्यात हत्ती ओरडला तो मी ऐकला. तेव्हा मी याच्याकडेच बघत होतो. यानं कान हलवले, बाकी काही नाही. तो दुसरा हत्ती होता."

सुरी थांबली. पण कोतवाल कच्चा नव्हता. सूर्याच्या लाल उजेडात त्यानं गुरुजींना खालून वर न्याहाळलं. "घटकेपूर्वी साक्ष देत नव्हतात, आता देताय. शपथ घ्यायला तयार नाही. शेजारणीची दया आली असेल तुम्हाला. हे खरं मी कशावरून धरून चालू? आणि सणासुदीचं ताट सोडून कुणी दुपारभर हत्तीकडं बघत बसतं का? कशासाठी बघत होतात?"

इथंच गुरुजींना यायचं नव्हतं. हरलो म्हणणं त्यांनी कसंबसं गिळलं होतं, पण हे त्याच्याही पलीकडचं होतं. त्यांनी मिल्काबाईकडं पाहिलं. ती मान हलवत होती, सांगा की, सांगा, माझ्यासाठी बघत होता म्हणून. तेवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं असं तिला वाटत होतं.

"तो हलावा म्हणून," गुरुजी म्हणाले.

आळीत कुणी हललं नाही.

"काल मी म्हणालो होतो की ही भिंत नव्हे. लोक मला हसले. आज यानं एक पाऊल टाकावं, हिचा मांडव खोटा ठरावा आणि माझं खरं व्हावं, म्हणून मी चटई काढून बघत बसलो. बायकोला सांगितलं वारा हवा. सणाच्या दिवशी आनंदात राहा अशी आम्हाला आज्ञा आहे. मी आज दुपारभर हिची भिंत पडायची वाट बघितली. माझ्याइतकं बारकाईनं या हत्तीकडं शहरात कुणी बघितलं नसेल कोतवालसाहेब. तो हलला असता तर सगळ्यात आधी मी ओरडलो असतो."

कोतवाल म्हणाला, "शपथा मी रोज ऐकतो. दरोग्यानंही घेतली आजच. पण भर रस्त्यात स्वतःच्या तोंडाला काळं फासून कुणी खोटं बोललेलं मी पाहिलं नाही." त्यानं भालाइतांना खूण केली. "चला हत्तीखान्यात."

हत्तीखान्यात काय झालं ते थोडक्यात सांगतो. दरोग्याला दुसऱ्यांदा जरा वरच्या आवाजात विचारल्यावर त्याला आठवलं की राजाच्या लाडक्या जवान हत्तीची साखळी दुपारी तुटली होती. दरोग्याची नोकरी गेली. कुंभारांना भरपाई मिळाली, शिपायाच्या घरी धान्य गेलं. जवान हत्तीला मात्र सूर्यास्त दिसला, कारण तो राजाचा होता, आणि जुना कायदा राजाला त्या दिवशी नेमका आठवला नाही. राजांचं असंच असतं, ते वेगळं सांगायला नको, तुम्हाला ठाऊकच आहे.

इकडं आळीतून कोतवाल गेला. माहूत भोपळ्याच्या पायाशी बसून रडत होता. गुरुजी रस्त्यात तसेच उभे होते. त्यांना घरी जावं असं वाटत होतं, आणि कुठल्या तोंडानं जावं ते कळत नव्हतं.

मिल्काबाई त्यांच्यासमोर आली.

"दुपारभर मी तुम्हाला हात जोडत होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही मान हलवत होता."

"हो."

"मला फार राग आलाय गुरुजी. पण सण आहे. सणात राग धरायचा नसतो, तुम्हीच शिकवलंय. सण उतरला की रागावीन. तोवर आत या. तुम्ही सकाळपासनं उपाशी आहात."

आत जाणं म्हणजे काय ते गुरुजींना कळत होतं. त्या मांडवात बसून खाल्लेला एक घास म्हणजे तो मांडव खरा असल्याची कबुली. ते आत गेले आणि शेवटच्या पंगतीत, म्हाताऱ्या खलाशाशेजारी, हत्तीच्या पोटाला पाठ लावून बसले. मिल्काबाईनं वाढलं. कमी वाढलं नाही आणि जास्तही वाढलं नाही.

जरा वेळानं वरून आवाज आला. "गुरुजी, मला मागचा पाय बदलायचाय. फार अवघडलाय. तो चालण्यात धरायचा का?"

गुरुजींनी घास खाली ठेवला आणि विचार केला. "पाय बदलणं म्हणजे चालणं नव्हे," ते म्हणाले. "बदल बाबा."

भोपळ्यानं पाय बदलला. झावळ्यांतून पहिली चांदणी दिसली तेव्हा पंगत उठली.

सण उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिल्काबाई खरोखरच रागावली. सगळ्या आळीसमोर, विहिरीवर, हातातला पोहरा बाजूला ठेवून. भरपूर तोंड ही तिची इस्टेट होती हे मी सांगितलंच आहे, आणि सात दिवसांचं व्याज त्यावर चढलं होतं. गुरुजी खाली मान घालून उभे राहिले आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं. मध्येच कुणी तिला आवरायला गेलं तर त्यांनीच हातानं थांबवलं.

त्या दिवसापासून आळीत गुरुजींच्या विद्वत्तेला पूर्वीइतका मान राहिला नाही. लोक त्यांच्याशी वाद घालू लागले, कधी कधी हसूही लागले. पण आळीत कुठंही खरंखोटं करायची वेळ आली, मग ते तेल्याचं असो, कुंभाराचं असो की खुद्द कोतवालाचं, की लोक म्हणत, दानियेलगुरुजींना विचारा. ते स्वतःलाही सोडत नाहीत.

म्हणून लक्षात ठेवावं: साक्ष देताना आपण हरलो तरी चालेल, खरं हरता कामा नये.